मायकेल फॅरडे आणि त्यांची धातूची खोली

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या वसतिगृहांत राहणारा दौंडचा एक विद्यार्थी सुटी संपवून शिरूरला परत आला, तो चिंताक्रांत मुद्रेनें. त्याचे आजोबा रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. त्यांच्या हृदयाचे ठोके फार मंद पडूं लागले, म्हणून पुण्यास नेऊन त्यांच्या छातीच्या वरच्या भागीं, कातडीखालीं, पेसमेकर नांवाचें लहानसें यंत्र बसविण्यांत आलें. यंत्र उत्तम चाललें होतें; बिघडलें होतें तें आजोबांचें मन. मोबाईलच्या लहरींनीं असलें यंत्र एकाएकीं बंद पडतें, असें कोणा शेजाऱ्यानें त्यांस सांगितलें. तेव्हांपासून त्यांनीं मोबाईलला हात लावणें सोडलें, नातवंडांस मोबाईल घेऊन जवळ येऊं देईनात, आणि ज्या दौंड स्टेशनावर उभा जन्म काढला तेथें सायंकाळीं जाऊन बसणेंहि बंद केलें. कारण तेथें गार्ड व ड्रायव्हर ह्यांच्या हातीं बोलण्याचे बिनतारी संच असतात. आजोबांचें हें भय खरें कीं खोटें, असें त्या मुलानें आम्हांस वर्गांतच विचारिलें.

प्रश्न लहान होता, पण त्याच्या मागें एका माणसाचें सुखदुःख होतें. नुसतें खरें किंवा खोटें म्हणून तो निकालांत काढतां येण्याजोगा नव्हता. त्याचें उत्तर शोधीत आम्ही सर्वजण मागें मागें गेलों, तों लंडन शहरांतील १८३६ सालच्या एका लांकडी चौकटीच्या खोलीपाशीं येऊन पोंचलों. ती खोली बांधविणारे, आणि विजेच्या माऱ्यांत तींत जाऊन राहणारे गृहस्थ म्हणजे मायकेल फॅरडे. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचावें अशा योग्यतेचें आहे, म्हणून तें येथें थोडक्यांत देतों.

मायकेल फॅरडे ह्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें झाला. वडील जेम्स हे लोहार होते. उत्तर इंग्लंडांतील आपला मुलूख सोडून ते पोटासाठीं राजधानीकडे आले होते. पण प्रकृति खंगलेली, त्यामुळें भट्टीपुढें उभें राहून दिवसभर घण मारणें त्यांच्यानें होत नसे. चार मुलें, मिळकत तुटपुंजी, आणि १८०१ च्या सुमारास धान्य अतिशय महाग झालेलें. त्या दिवसांत मायकेलच्या वांट्यास आठवड्याची एक पाव-रोटी येई, व तेवढीवरच त्यास आठवडा काढावा लागे. शाळेंत तो लिहिणें, वाचणें व हिशेब एवढेंच शिकला. गणित त्यास पुढें कधींच नीट आलें नाहीं, ही गोष्ट आमच्यापैकीं जे विद्यार्थी गणिताच्या तासास मान खालीं घालून बसतात त्यांनीं लक्षांत ठेवावी. मात्र ती ऐकून गणित सोडूं नये, कारण त्याची खंत फॅरडे ह्यांस जन्मभर राहिली.

तेराव्या वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानीं निरोप्या म्हणून राहिला. घरोघर वर्तमानपत्रें पोंचवावींत आणि परत आणावींत, हें त्याचें काम. मुलगा प्रामाणिक व चुणचुणीत पाहून मालकानें पुढच्याच वर्षीं त्यास पुस्तकें बांधण्याच्या धंद्यांत सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून घेतलें, व गरिबी जाणून त्याबद्दल फी घेतली नाहीं. बांधणीस येणारें पुस्तक इतर उमेदवार बाहेरून पाहत, मायकेल तें आंतूनहि पाही. ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या एका खंडांत वीज ह्या विषयावरचा लेख त्यास सांपडला. जेन मार्सेट ह्या विदुषीनें लिहिलेलें रसायनशास्त्राचें संवादरूप पुस्तक त्याच्या हातीं आलें. वाचलेलें खरें आहे कीं नाहीं हें स्वतः करून पाहिल्यावांचून त्यास चैन पडेना. पदरच्या चार दिडक्या खर्चून त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें एक लहान यंत्र तयार केलें. टेटम नांवाच्या गृहस्थांचीं विज्ञानावरचीं व्याख्यानें एक शिलिंग देऊन ऐकावीं लागत. तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करी, आपल्या मजुरींतून देत असे. थोर पुरुषांच्या चरित्रांत असे थोरले भाऊ पुष्कळदां अंधारांतच राहतात.

१८१२ सालीं दुकानांतील एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हे त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें एकेक शब्द टिपून घेतला, घरीं येऊन सर्व स्वच्छ अक्षरांत लिहून काढलें, आकृत्या काढल्या, आणि आपल्या धंद्याचें कौशल्य पणास लावून त्याची सुंदर बांधणी केली. तीन-एकशें पानांचें तें पुस्तक त्यानें डेव्हींकडे पाठवून दिलें व विज्ञानाच्या सेवेंत कोठेंहि जागा द्यावी अशी विनंति केली. पुढें संस्थेच्या प्रयोगशाळेंतील साहाय्यकाची जागा रिकामी झाली, आणि १ मार्च १८१३ रोजीं मायकेल फॅरडे ह्यांची तेथें नेमणूक झाली. आठवड्यास २५ शिलिंग वेतन, आणि राहण्यास त्याच इमारतीच्या माथ्यावरच्या दोन खोल्या. बाटल्या धुणें व उपकरणें मांडणें ह्यापासून आरंभ झाला. त्याच इमारतींत पुढें सुमारें ४५ वर्षें त्यांचें वास्तव्य झालें.

त्याच वर्षीं डेव्हींबरोबर त्यांस युरोपच्या लांबच्या प्रवासास जावें लागलें. डेव्हींच्या पत्नी त्यांस नोकराप्रमाणें वागवीत. तो अपमान मनास लागे. तथापि ह्याच प्रवासांत पॅरिसमध्यें अँपिअर व इटलींत व्होल्टा ह्यांच्यासारख्या विद्युत्शास्त्राच्या धुरंधरांचें दर्शन घडलें. दीड वर्षानंतर, १८१५ सालीं परत येऊन ते पुन्हां आपल्या प्रयोगशाळेंत रुजू झाले.

१८२१ सालीं त्यांचा सारा बर्नार्ड ह्यांच्याशीं विवाह झाला. त्यांस अपत्य झालें नाहीं, पण संसार अत्यंत प्रेमाचा झाला. सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत दोघें होतीं, व त्या मंडळीची साधी, बिनपगारी सेवा फॅरडे ह्यांनीं पुढें अनेक वर्षें केली. त्याच सालीं वीज वाहणारी तार चुंबकाभोंवतीं सतत फिरत राहील अशी योजना त्यांनीं करून दाखविली. आज घराघरांत फिरणाऱ्या विजेच्या पंख्याचें मूळ त्यांत आहे. २९ ऑगस्ट १८३१ ह्या दिवशीं तर त्यांनीं जगाचें भाग्य पालटलें. लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंस तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून एकांत वीज सोडतां क्षणीं व बंद करतां क्षणीं दुसऱ्यांतहि क्षणभर वीज वाहते असें त्यांस आढळलें. थोड्याच दिवसांत नुसतें चुंबक वेटोळ्यांत आंत-बाहेर सारूनहि वीज उत्पन्न होते हें त्यांनीं सिद्ध केलें. आज वीजघरांतील जनित्रें व गांवोगांवचीं रोहित्रें ह्याच तत्त्वावर चालतात. दौंडच्या रुळांवर जी विजेची आगगाडी धांवते ती ह्या कड्याची ऋणी आहे.

आतां त्या खोलीकडे वळूं. धातूच्या वस्तूस वीज दिली असतां ती कोठें राहते, वस्तूच्या पोटांत कीं पाठीवर, हा प्रश्न त्या वेळीं विद्वानांस पडला होता. तसेंच, विरुद्ध जातीच्या विजेची जोड नसतां हवेंत एकाच जातीची वीज भरून ठेवतां येईल काय, हेंहि फॅरडे ह्यांस पाहावयाचें होतें. लहान भांड्यांवर प्रयोग करून त्यांचें समाधान होईना. मनुष्य आंत जाऊन स्वतः पाहील एवढें भांडें पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. १८३६ च्या आरंभीं संस्थेच्या व्याख्यानगृहांत त्यांनीं १२ फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी एक खोली उभारिली. हलक्या लांकडाची चौकट; तिच्यावर उभ्या-आडव्या तांब्याच्या तारा ओढून केलेलें जाळें; त्यावर कागद, आणि कागदावर जागोजाग कथिलाच्या पातळ वर्खाच्या पट्ट्या. सर्व तारा व पट्ट्या एकमेकींस नीट जोडलेल्या राहतील, कोठेंहि सांधा तुटणार नाहीं, अशी दक्षता घेतली. मग ती सबंध खोली जमिनीपासून अलग करून मोठ्या विद्युत्यंत्रास जोडली.

पेटविलेल्या मेणबत्त्या व विजेचा लवलेशहि ओळखणारीं नाजूक यंत्रें घेऊन फॅरडे आंत गेले, व बाहेर यंत्र जोरानें फिरूं लागलें. खोलीच्या बाह्यांगावरून चहूंकडे मोठमोठ्या ठिणग्या उडूं लागल्या. बाहेर उभा असलेला मनुष्य भयानें मागें सरावा असा तो देखावा. परंतु आंत कांहींच नाहीं! मेणबत्तीची ज्योत ढळली नाहीं, यंत्राचें पान हाललें नाहीं. बाहेर वादळ आणि आंत निवांत. मध्यें भिंत कसली, तर कागद, तार आणि वर्ख. हीच ती रचना. जग आज तिला फॅरडेचा पिंजरा म्हणतें.

हें कसें घडतें तें आज आपणांस अधिक ठाऊक आहे. धातूंत इलेक्ट्रॉन नांवाचे अतिसूक्ष्म विद्युत्कण मोकळे हिंडत असतात. बाहेरून विजेचा जोर आला कीं ते तत्काळ सरकतात, व त्यांच्या नव्या मांडणीचा आंतल्या बाजूस जो जोर उत्पन्न होतो तो बाहेरच्या जोराच्या बरोबर उलट असतो. दोन्ही एकमेकांस नाहींसे करितात, आणि आंत शून्य उरतें. कणांस सरकण्यास वाट मात्र अखंड हवी. सांधा तुटला कीं मांडणी अपुरी राहते.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फॅरडे ह्यांच्या खोलीवर जी वीज होती ती स्थिर वीज होती. रेडिओ व मोबाईल ज्यांवर चालतात त्या लहरी त्या वेळीं कोणास माहीत नव्हत्या. परंतु त्यांचीहि चाहूल प्रथम फॅरडे ह्यांसच लागली. प्रकाश हा विद्युत् व चुंबक ह्यांच्या बलरेषांचा कंप असावा, असा तर्क त्यांनीं १८४६ सालीं बोलून दाखविला. त्यास गणिताचें रूप १८६५ च्या सुमारास जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनीं दिलें. अशा लहरी प्रत्यक्ष उत्पन्न करून जर्मनींतील हाइन्रिख हर्ट्झ ह्यांनीं १८८७-८८ सालीं दाखविल्या. आणि १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस ह्यांनीं त्या भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली. ह्या लहरी म्हणजे दर सेकंदास लाखों-कोट्यवधि वेळां दिशा पालटणारा विजेचा व चुंबकाचा जोर होय. धातूवर आदळतांच त्या धातूच्या पृष्ठावर प्रवाह उत्पन्न करितात. ते प्रवाह लहरींस बहुतांशीं परत फिरवितात, व उरलेला अंश पृष्ठाच्या अगदीं वरच्या थरांतच जिरून जातो. मोबाईलच्या लहरींचें बळ तांब्यांत शिरल्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी अंतरांत तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास येतें. म्हणजे जाड भिंतीची गरज नाहीं. वर्खासारखी पातळ भिंत पुरते.

वर्गांत हें सांगितलें तेव्हां मुलांच्या चेहऱ्यांवर अविश्वास दिसला. मग आम्हीं प्रयोग केला. आमचाच मोबाईल स्टीलच्या जाड डब्यांत ठेवून झांकण लाविलें व दुसऱ्या मोबाईलवरून त्यास फोन केला. डब्यांतून खणखणीत वाजला! मुलें हंसलीं, आणि फॅरडे साहेब हरले असें एकानें जाहीरहि केलें. नंतर तोच मोबाईल पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या कागदांत दुहेरी गुंडाळून कडा घट्ट दुमडल्या. ह्या वेळीं तो मुका झाला. फोन करणाऱ्यास तो क्षेत्राबाहेर असल्याचें उत्तर मिळालें. मग कागदाची एक कड लांबवर उकलली, तों पुन्हां वाजूं लागला. जाड डबा हरला व पातळ कागद जिंकला, ह्याचें कारण काय? डब्याचें झांकण कांठास सर्वत्र टेकत नव्हतें. मध्यें लांब व बारीक फट होती. मोबाईलची एक लहर ९०० मेगाहर्ट्झवर सुमारें ३३ सेंटिमीटर लांब असते. तिच्या निम्म्या लांबीच्या जवळपास जाणारी फट तिला दारासारखी मोकळी होते, मग ती फट रुंदीनें केसाएवढी कां असेना. उलट, लहान लहान गोल भोंकांची जाळी चालते. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारांत तशीच जाळी असते, व सुमारें १२ सेंटिमीटरांची लहर तींतून बाहेर पडत नाहीं. भिंतीची जाडी नव्हे, तिची सलगता महत्त्वाची, हा धडा त्या दिवशीं मुलांस पुस्तकावांचून मिळाला.

आतां रुग्णालयांत जाऊं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीराच्या पृष्ठभागावर जी वीज उमटते तिचा दाब एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या जवळपास असतो. हृदयाचा आलेख काढणारें ईसीजी यंत्र इतकी क्षीण खूण ओळखतें. रोग्याच्या अंगास लावलेल्या त्याच्या लांब तारा अँटेनाचेंहि काम करूं शकतात. जवळच कोणी जोरदार बिनतारी संचावर बोलूं लागला तर आलेखावर भलत्याच रेषा उठण्याचा संभव असतो. औषध थेंबाथेंबानें सोडणारे पंप, श्वास देणारीं यंत्रें, रोग्यावर पहारा ठेवणारे पडदे, ह्या सर्वांत नाजूक इलेक्ट्रॉनिक मंडळें असतात. म्हणून असलीं यंत्रें लहरींस किती दाद देतात हें तपासण्याचे आंतरराष्ट्रीय नियम झाले आहेत, आणि आंतील मंडळांस धातूचें कवच, तारांस धातूच्या जाळीचें वेष्टण, व तार जेथें कवचांत शिरते तेथें लहरी गाळणारी गाळणी, अशी त्रिविध योजना केलेली असते. तार हीहि एक फटच होय. भिंत कितीहि चांगली असली तरी तारेवरून लहर आंत चालत येते.

शरीराच्या आंतील चित्र घेणारें एमआरआय यंत्र तर फॅरडे ह्यांच्या खोलींतच बसविलेलें असतें. दीड टेस्ला शक्तीच्या अशा यंत्रांत शरीरांतील हायड्रोजनचे अणु सुमारें ६४ मेगाहर्ट्झवर अतिशय मंद उत्तर देतात. आकाशवाणीच्या व इतर यंत्रांच्या लहरींच्या गोंगाटांत तें उत्तर बुडून जाऊं नये म्हणून त्या खोलीच्या भिंती, छत व जमीन ह्यांस बहुधा तांब्याचे पत्रे लावितात, खिडकीच्या कांचेंत धातूची जाळी घालतात, व दाराच्या कडेस सर्वत्र धातूच्या लवचिक पट्ट्या बसवितात, कीं दार मिटतांच सांधा अखंड व्हावा. दार किंचित् उघडें राहिलें तरी चित्रावर रेघा उमटूं शकतात. आमच्या डब्याचेंच झांकण, केवळ मोठ्या प्रमाणावर!

पेसमेकर म्हणजे ह्याच खोलीची अगदीं लहान आवृत्ति. मनुष्याच्या शरीरांत असें यंत्र प्रथम १९५८ सालीं स्वीडनमध्यें बसविलें गेलें. हृदयानें स्वतः ठोका दिला कीं नाहीं हें तें ऐकतें, आणि न दिल्यास आपण चेतना देतें. बाहेरच्या लहरीस जर तें हृदयाचा ठोका समजलें, तर गरज असतां गप्प बसण्याचा धोका आहे. म्हणजे शेजाऱ्याचें बोलणें निव्वळ थाप नव्हती. परंतु आजच्या पेसमेकरचें अंग टिटॅनियम धातूच्या बंद डबीचें असतें, तिचे सांधे वितळवून जोडलेले असतात, व हृदयाकडे जाणारी तार जेथून बाहेर पडते तेथें लहरी अडविणारी गाळणी असते. शिवाय लहरींचें बळ अंतराबरोबर झपाट्यानें कमी होतें. म्हणून मोबाईल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, छातीवरच्या खिशांत ठेवूं नये, ज्या बाजूस यंत्र आहे त्याच्या उलट कानास लावून बोलावें, एवढी काळजी सामान्यतः पुरते. मोठ्या शक्तीचे बिनतारी संच, वेल्डिंग, प्रबळ चुंबक व एमआरआय ह्यांविषयीं मात्र आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

फॅरडे ह्यांच्या पिंजऱ्याचें एक भव्य उदाहरण आमच्याच पुणें जिल्ह्यांत आहे. शिरूरच्या वायव्येस, नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं व बाकीच्या तीन फांट्यांवर दूरवर पसरलेल्या. त्या तबकड्याहि भरीव पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. लांब लहरींस जाळीच पत्र्याप्रमाणें भासते. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेली आकाशांतील क्षीण कुजबुज ऐकावयाची, म्हणून मनुष्यनिर्मित लहरींचा गोंगाट कमी असलेला हा प्रदेश निवडला गेला. तेथें गंमत अशी कीं शत्रु घरांतच असतो: दुर्बिणीचे स्वतःचे संगणकच लहरी बाहेर टाकतात. म्हणून तीं यंत्रें धातूनें मढविलेल्या जागेंत ठेवितात. रुग्णालयांत पिंजरा बाहेरचा उपद्रव आंत येऊं देत नाहीं. खोडदला तोच पिंजरा आंतला उपद्रव बाहेर जाऊं देत नाहीं.

ज्यांच्या विचारांतून हें सर्व निघालें त्यांचें उत्तर आयुष्य सुखाचें होतें असें नाहीं. १८४० च्या सुमारास अतिश्रमानें त्यांची प्रकृति ढासळली. भोंवळ येई, आणि स्मरणशक्ति दगा देऊं लागली. काल काय केलें तें आज आठवेना. दुसरा कोणी काम सोडून बसला असता. फॅरडे ह्यांनीं विश्रांति घेतली, आणि परत येऊन प्रत्येक प्रयोगाची तारीखवार व अनुक्रमांकांनीं नोंद ठेवण्याची आपली जुनी संवय अधिकच कसोशीनें चालविली; मेंदू विसरला तर कागद सांगेल. अशा स्थितींत १८४५ सालीं चुंबकाच्या प्रभावानें प्रकाशाचें कंपनतल फिरतें हा महत्त्वाचा शोध त्यांनीं लाविला.

द्रव्य त्यांच्या दाराशीं आलें होतें. कारखानदारांसाठीं रासायनिक तपासणी करून एका वर्षांत हजार पौंडांवर प्राप्ति होऊं लागली होती. संशोधनास वेळ पुरेना, तेव्हां त्यांनीं तें काम आटोपतें घेतलें, आणि ती मिळकत पुढील वर्षीं दीडशें पौंडांच्या घरांत आली. सर ही पदवी त्यांनीं नाकारिली, रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि नाकारिलें. पण नाविकांच्या दीपगृहांचे दिवे सुधारण्याचें काम ते सुमारें तीस वर्षें निष्ठेनें करीत राहिले; आणि नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याची पाळी आली कीं म्हातारपणींहि मूल होत. अशा १९ व्याख्यानमाला त्यांनीं दिल्या. साध्या मेणबत्तीच्या ज्योतींतून सारें रसायनशास्त्र उलगडणारी त्यांची माला जगप्रसिद्ध आहे. १८५८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांस राहण्यास घर दिलें. तेथेंच, २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, खुर्चींत बसल्या बसल्या त्यांचा शांतपणें अंत झाला. हायगेटच्या दफनभूमींत, त्यांच्या इच्छेप्रमाणें साधेपणानें, त्यांचें दफन झालें.

आमच्या दौंडच्या विद्यार्थ्यानें हें सर्व वहींत लिहून घेतलें, आणि पुढच्या सुटींत ॲल्युमिनियमच्या कागदाची एक गुंडाळी बरोबर नेली. आजोबांच्या समोर त्यानें तोच प्रयोग करून दाखविला. स्टीलच्या डब्यांत मोबाईल वाजला तेव्हां त्यांची मुद्रा उतरली, कागदांत मुका झाला तेव्हां ते पुढें सरसावले, आणि आपल्या छातींतील डबीस फट नाहीं हें उमगलें तेव्हां बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. पुढें यंत्राच्या नियमित तपासणीस गेले असतां त्यांनीं डॉक्टरांस स्वतःच सर्व शंका विचारल्या, व अंतर राखण्याचा तोच सल्ला त्यांस मिळाला. आतां ते पुन्हां सायंकाळीं दौंड स्टेशनावर जाऊन बसतात, असें नातू सांगतो. मोबाईल पायजम्याच्या खिशांत असतो. आणि बिनतारी संच घेतलेला कोणी जुना सोबती गप्पा मारावयास आला तर ते त्यास बाकाच्या दुसऱ्या टोंकास बसवितात.

विद्यार्थी मित्रहो, न दिसणाऱ्या गोष्टीचें भय सर्वांत मोठें असतें. तें भय दोन प्रकारांनीं टाळतां येतें : एक, सर्वांपासून दूर पळून, दुसरा, आंत जाऊन, दिवा लावून, नीट पाहून. लोहाराच्या ह्या मुलानें दुसरा मार्ग पत्करिला. त्यांची १२ फुटांची खोली केव्हांच मोडून गेली. पण रुग्णशय्येवर पडलेल्या कितीएक अनोळखी माणसांभोंवतीं ती आजहि उभी आहे. तिचा सांधा अखंड ठेवण्याचें काम पुढें तुमच्यापैकीं कोणाच्या हातीं यावें, अशी आमची मनापासून इच्छा आहे.